रानडुक्कर, रोही आणि खिशातले रिव्हॉल्व्हर : पीक संरक्षणात बंदुकीची जागा कोणती?

सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरू लागला, की धामणगाव रेल्वे तालुक्यात जागल सुरू होते. वर्धा नदीच्या काठची झुडपे, नाल्यांतील बाभळीची दाटी आणि पडीक धुरे यांत दिवसभर दडून राहिलेली रानडुकरे अंधार पडताच वावरात शिरतात. पुढे हरभरा उगवला आणि तूर फुलावर आली, की रोह्यांचे कळप येतात. खाल्ले जाते त्याहून तुडविले जाते ते जास्त असते. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांचा खर्च होऊन गेल्यावर हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत जाते, तेव्हा शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे.

हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. परदेशातील शेतमालक कमरेचे पिस्तूल काढून डुकरे, ससे किंवा साप टिपत असल्याच्या चित्रफिती मोबाईलवर दिसतात. त्या पाहून, "स्वसंरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर घरात आहे, त्याने रानडुक्कर मारले तर काय बिघडले?" असे विचारले जाते. परवाना नसलेला एखादा गावठी कट्टा घेण्याचाही मोह होतो. हा विचार कायद्याच्या, सुरक्षिततेच्या आणि पीक संरक्षणाच्या दृष्टीने कसा चुकीचा आहे व बंदुकीची गरज खरोखरच पडली तर योग्य मार्ग कोणता, याची माहिती या लेखात दिली आहे.

१. परदेशातील चित्र वेगळे का?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात रानटी डुकरांचा मोठा उपद्रव आहे. तेथे खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ही डुकरे मारण्यासाठी २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. याचे कारण असे, की ती डुकरे मूळची तेथील नाहीत. युरोपियन लोकांनी नेलेली पाळीव डुकरे सुटून रानटी झाली व पुढे त्यांत शिकारीसाठी आणलेल्या युरोपीय रानडुकरांची भर पडली. तेथील कायदा त्यांना वन्यजीव म्हणून संरक्षण देत नाही.

आपले रानडुक्कर आणि रोही हे याच भूमीतील वन्यप्राणी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्यांना लागू आहे. शस्त्र बाळगण्याचा आपला कायदाही निराळा आहे. म्हणून तेथील पद्धत येथे जशीच्या तशी उचलता येत नाही.

२. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणाची बंदूक

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट पुष्कळ शेतकऱ्यांना माहीत नसते. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे सामान्यतः बारा बोअर, मंजूर करता येते. संरक्षण किंवा खेळासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीबाबत याच कलमात नळीची लांबी किमान २० इंच सांगितली आहे. पीक संरक्षणाच्या या तरतुदीत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कोठेही बसत नाही.

परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पोलीस चौकशी होते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणालाही महत्त्व आले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे असून एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात.

रिव्हॉल्व्हरचा परवाना स्वसंरक्षणासाठी असतो. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि परवाना रद्द होण्याची वेळ येते. विनापरवाना शस्त्राबाबत तर २०१९ पासून किमान २ वर्षे व कमाल ५ वर्षे कैदेची तरतूद आहे. म्हणजे कट्टा वापरलाच पाहिजे असे नाही, तो गोठ्यात लपवून ठेवणे एवढ्यानेही गुन्हा पूर्ण होतो. आपली परवान्याची बंदूकही, परवान्याने ज्याला अधिकार नाही अशा सालदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती देऊ नये.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे कापूस वेचणीच्या आणि तूर फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत झाली. तेव्हा बंदूक असली तरी सगळा भार तिच्यावर टाकून चालत नाही, हे ध्यानात घ्यावे.

३. आखूड शस्त्र पीक संरक्षणास निरुपयोगी का?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी रिव्हॉल्व्हर या कामाचे नाही. त्याची कारणे अशी.

(अ) नेम : पूर्ण वाढलेल्या रानडुकराच्या छातीचा वर्मी भाग जेमतेम वीतभर असतो. आपल्याकडील .३२ रिव्हॉल्व्हरची नळी सुमारे ३ इंचांची असते. हातात धरलेल्या या नळीचे तोंड केवळ एका अंशाने हलले, तर २० मीटरवर गोळी सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे वर्मी भाग चुकलाच. अंधारात, बॅटरीच्या उजेडात आणि पळत्या जनावरावर एका अंशाची चूक कोणाचीही होईल.

(ब) शक्ती : .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ६ ग्रॅमची असते व तिच्यात सुमारे दीडशे ज्यूल ऊर्जा असते. बारा बोअरच्या काडतुसात हीच ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. रोह्याचा नर दोनशे किलोच्याही वर भरतो. अशा जनावराला आखूड शस्त्राची गोळी बहुधा जखमी करते, मारत नाही.

(क) जखमी जनावर : खरा धोका येथून पुढे आहे. जखमी डुक्कर दूर जात नाही. ते जवळच्या नाल्यात, पऱ्हाटीत किंवा तुरीच्या दाट ओळीत बसून राहते. गोळी झाडणारा रात्री घरी जातो आणि सकाळी त्याच वावरात वेचणीला किंवा निंदणाला बाया येतात. चवताळलेले डुक्कर सुळ्यांनी मांडी व पोट फाडते. गोळीचा हिशेब असा दुसऱ्यालाच चुकवावा लागतो.

(ड) सुटलेली गोळी : नेम चुकला तरी गोळी नाहीशी होत नाही. ती किलोमीटरभर जाऊ शकते, दगडावर आपटून दिशाही बदलते. आपला भाग सपाट आहे, गोळी अडविणारी टेकडी मागे नसते. त्याच रात्री शेजारच्या धुऱ्यावर, मचाणावर किंवा ओलितासाठी मोटारपंपाजवळ दुसरा शेतकरी असतो. पिकाची हालचाल पाहून गोळी झाडणे म्हणजे माणसावर गोळी झाडण्याची तयारी ठेवणे होय.

गावठी कट्ट्यात या सगळ्यांखेरीज आणखी एक धोका असतो. त्याची नळी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. ती फुटल्यास प्रथम जातो तो चालविणाऱ्याचा हात किंवा डोळा.

जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात शासनाच्या परवानगीने दोनशेहून अधिक रोही मारले गेले. तेव्हा केंद्र शासनाने त्या राज्यात रोह्याला मुदतीपुरते उपद्रवी घोषित केले होते. तरीही ते काम सरावाच्या नेमबाजांना बोलावून करून घेण्यात आले. शासनाला जेथे कुशल माणूस लागतो, तेथे खिशातल्या शस्त्राचा भरवसा शेतकऱ्याने धरू नये.

४. कोणता प्राणी, कोणता नियम?

वन्यजीव अधिनियमात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अनुसूचींची मांडणी बदलली आहे. पूर्वी कावळा, वटवाघूळ व उंदीर ज्यात होते ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूची आता राहिलेली नाही. आपल्या उपयोगापुरती स्थिती अशी :

• काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड : अनुसूची १. पिकासाठी यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. शिकारीस ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड.
• रानडुक्कर, रोही, चितळ : अनुसूची २. विनापरवानगी शिकार केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.
• ससा, तितर, लावा, वानर, नाग, धामण : हेही संरक्षित आहेत. "लहान शिकार चालते" ही समजूत चुकीची आहे.

छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीबाबतही गैरसमज आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीस किंवा हवाई पिस्तुलास परवाना लागत नाही. परंतु बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ तिने ससा किंवा तितर मारण्यास मोकळीक आहे, असा नाही. ती शिकारच ठरते.

५. मारण्याची परवानगी कशी घ्यावी?

अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे अनुसूची २ मधील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने तो मारण्याची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभ्या पिकाचा समावेश कायद्यानेच केला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्याबाबत ही कार्यवाही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. त्यामुळे शेतकऱ्याला नागपूर-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही.

पुढीलप्रमाणे क्रम ठेवावा :
(१) सात-बारा, गट क्रमांक, पीक, नुकसानीच्या तारखा व छायाचित्रे जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. एकट्यापेक्षा धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केल्यास बरे.
(२) लेखी आदेश हाती आल्याशिवाय बंदूक उचलू नये. आदेशातील प्राणी, क्षेत्र, मुदत व इतर अटी नीट वाचाव्यात.
(३) गोळी परवानाधारक व सरावाच्या व्यक्तीनेच, लांब नळीच्या योग्य बंदुकीने, जनावर स्पष्ट ओळखून व मागे कोणी नाही याची खात्री करून झाडावी. त्या रात्री आजूबाजूच्या सर्व जागल्यांना आधी कळवावे.
(४) जनावर पडले किंवा जखमी होऊन पळाले, तरी वनविभागास लगेच कळवावे. विल्हेवाट विभागाच्या समक्ष होते. मांस घरी नेणे किंवा वाटणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

डुक्कर अंगावर चालून आले आणि जीव वाचविण्यासाठी ते मारावे लागले, तर सद्भावनेने केलेली ती कृती गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी आपण स्वतः कायदा मोडत असू, तर हे संरक्षण मिळत नाही. अशा प्राण्याचे शव शासनाच्या मालकीचे असते.

६. विजेची तार, बॉम्ब आणि विष : कदापि नको

बंदूक मिळत नाही म्हणून काही जण याहून भयंकर उपाय करतात. खांबावरून किंवा मोटारपंपाच्या पेटीतून थेट वीज घेऊन कुंपणाच्या तारेत सोडणे हा त्यातला सर्वांत घातक. अशा तारेला चिकटून शेतकरी, शेतमजूर आणि बैल मेल्याच्या बातम्या विदर्भात दरवर्षी येतात. बहुतेक वेळा मरणारा घरचा किंवा शेजारचाच असतो. यात सदोष मनुष्यवधाचा व वीजचोरीचा गुन्हा दाखल होतो.

कणकेत किंवा फळात स्फोटक भरून ठेवणे हेही तसेच आहे. मे २०२० मध्ये केरळातील पलक्कड जिल्ह्यात एका गर्भार हत्तिणीच्या तोंडात असे स्फोटक फुटून तिचा तडफडून मृत्यू झाला. आपल्या शिवारात ते गाय किंवा बकरी खाते, किंवा पोराच्या हाती लागते. विषारी आमिषाने कुत्री, गुरे व पक्षी मरतात आणि विष नाल्याच्या पाण्यात उतरते.

७. खरा बंदोबस्त कशात आहे?

रानडुकराची मादी साधारण ११५ दिवसांत विते व एका वेतात बहुधा ४ ते ६ पिले देते. रात्री दोन-चार गोळ्यांनी एखादे डुक्कर मेले तरी कळपाची संख्या लवकर भरून निघते. मात्र उरलेला कळप धुरा बदलून शेजाऱ्याच्या वावरात जातो. म्हणून मारण्यापेक्षा अडविणे हेच पीक संरक्षणाचे मुख्य सूत्र आहे.

झटका मशीन : सौर कुंपणाची ही यंत्रणा थेट विजेच्या तारेपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. तिच्यात साधारण सेकंदाला एक असा अत्यंत अल्प काळाचा झटका तारेतून जातो. दाब हजारो व्होल्टचा असला तरी ऊर्जा मर्यादित असल्याने जनावर घाबरून मागे फिरते, मरत नाही. प्रमाणित यंत्रच घ्यावे आणि त्यास घरगुती विजेची तार कधीही थेट जोडू नये. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर असावी, वरच्या तारा रोह्यासाठी सुमारे ५ फुटांपर्यंत घ्याव्यात. तारेखालचे गवत नियमित काढावे, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या सळईजवळ ओलावा ठेवावा. ठळक अक्षरांत सूचनेची पाटी लावावी.

जाळीचे कुंपण : जाळी किमान १ फूट जमिनीत गाडावी. डुक्कर बहुधा उडी मारण्याऐवजी मुसंडी मारून खालून जाळी उचलते.

सामूहिक जागल : एकट्याने जागण्यापेक्षा ८-१० शेतकऱ्यांनी पाळी लावून रात्र वाटून घ्यावी. कळप ज्या पांदणीने किंवा नाल्याने येतो ती वाट शोधून तेथेच उजेड, डबे व फटाके यांचा वापर करावा. बुजगावणे, जुन्या साड्या व आवाजाची यंत्रे यांना जनावरे काही दिवसांत सरावतात, म्हणून जागा व पद्धत बदलत राहावी.

लपण कमी करणे : धुऱ्यावरील व नाल्यालगतची आपल्या हद्दीतील काटेरी झुडपे साफ ठेवल्यास कळपाला दिवसाचा आसरा मिळत नाही. हरभऱ्याभोवती करडईच्या ४ दाट ओळी घेतल्यास काट्यांचा अडसर होतो.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी साहाय्य दिले जाते. आपले गाव त्यात बसते काय, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

८. ससे आणि उंदीर

संत्र्याच्या नव्या बागेत ससे कलमांची साल कुरतडतात. खोडाभोवती दीड-दोन फूट उंचीपर्यंत बारीक जाळी किंवा गोणपाट गुंडाळणे एवढाच उपाय पुरतो. गोळीचा येथे काही संबंध नाही.

उंदरांचे नुकसान मात्र डोळ्यांना कमी व प्रत्यक्षात अधिक असते. एक उंदीर दिसला तर दहा बिळांत असतात, त्यामुळे छर्ऱ्याने उंदीर टिपणे हा वेळेचा अपव्यय आहे. संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली बिळे ती चालू बिळे समजून फक्त त्यांतच ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के तीव्रतेच्या तयार वड्या खोलवर ठेवाव्यात व मेलेले उंदीर पुरून टाकावेत. ही मोहीमही शेजाऱ्यांनी एकाच वेळी राबवावी.

९. नुकसान झालेच तर

वन्यप्राण्यांनी पीक खाल्ल्यास राज्य शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्यावा लागतो. पंचनामा होईपर्यंत पायांचे ठसे, विष्ठा, मोडलेली झाडे तशीच राहू द्यावीत व तारखेसह छायाचित्रे काढावीत. केंद्र शासनाने खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून घेण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. त्यासाठी ७२ तासांत सूचना देण्याची अट आहे. कोणते प्राणी व कोणते जिल्हे त्यात येतात हे राज्याच्या अधिसूचनेवरून पाहावे.

या नोंदींचा दुसरा उपयोगही आहे. अर्ज नसेल, तर वनविभागाच्या कागदावर त्या शिवारात उपद्रवच नसतो. मग मारण्याच्या परवानगीला आणि कुंपणाच्या मागणीला आधार राहत नाही. म्हणून नुकसान थोडे असले तरी अर्ज करावा.

शेतकरी बंधूंनी हे लक्षात ठेवावे

१. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा कट्टा हे पीक संरक्षणाचे साधन नाही.
२. परवान्याची बंदूक असली तरी प्राणी मारण्यास वनविभागाचा वेगळा लेखी आदेश लागतो. शस्त्राचा परवाना ही शिकारीची परवानगी नव्हे.
३. जखमी जनावर शेतात सोडून घरी जाऊ नये. कळवावे आणि सकाळी मजूर शेतात जाण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.
४. थेट वीज, स्फोटक व विष यांचा वापर करू नये.
५. कुंपण, झटका मशीन व सामूहिक जागल यांवर आधी खर्च करावा. बंदूक हा शेवटचा उपाय समजावा.
६. नुकसानीचा अर्ज ३ दिवसांत द्यावा व पोच जपून ठेवावी.

पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. चुकलेल्या गोळीने किंवा तारेतल्या विजेने गेलेला माणूस परत येत नाही. यंदाच्या जागलीची पाळी ठरविताना धुऱ्याच्या शेजाऱ्यांसोबत बसून या गोष्टी बोलून घ्याव्यात.